होमस्कूलिंगच्या वादात मधलं मूल कुठे आहे?

होमस्कूलिंगचा, म्हणजे मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवण्याचा, विषय कुठेही निघू दे, दहा मिनिटांत दोन गट पडतात आणि दोघांची वाक्यं पाठ असल्यासारखी येतात. एक गट म्हणतो मुलं एकलकोंडी होतील, चार लोकांत कशी वावरतील, आईबापांच्या हट्टापायी त्यांचं नुकसान कशाला. दुसरा म्हणतो शाळा म्हणजे नुसती घोकंपट्टी, घरी एकास एक लक्ष मिळतं, मूल आपल्या गतीने फुलतं. मला दोघांचाही कंटाळा आलाय, कारण दोघांच्या डोळ्यासमोरचं घर एकच असतं, एखाद-दुसरं हुशार मूल आणि हाताशी भरपूर वेळ असलेले शिकलेसवरलेले पालक. पण घरात पाच-सहा मुलं असतील, त्यातल्या एकाला डिसलेक्सिया, म्हणजे अक्षरं-शब्द वाचायची अडचण आहे, एक पाच मिनिटं जागेवर बसत नाही, एक गणितात वयाच्या दोन इयत्ता पुढे, एक बोलायलाच उशिरा लागलं आणि धाकटं अजून रांगतंय, तर या वादातलं कुठलं वाक्य त्या घराला लागू पडतं? अशी घरं थोडी असतील, पण होमस्कूलिंगची खरी परीक्षा तिथेच होते.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे नंतर घोळ नको. घरी शिकवायचा हक्क असावा, मोठ्या कुटुंबालाही असावा, आणि मुलांच्या गरजा वेगवेगळ्या असतील तर नक्कीच असावा. पण घरात मुलं जितकी जास्त तितकी बाहेरच्या कुणाच्या तरी नजरेची गरज जास्त, आणि ती नजर अख्ख्या कुटुंबावर ओझरती फिरून चालत नाही, एकेका मुलावर वेगळी पडायला हवी. होमस्कूलिंगवाल्यांनीच खरं तर ही मागणी लावून धरायला हवी, पण तपासणी हा शब्द काढला की ते अंगावर धावून येतात.

आधी त्यांच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करू. वेगळ्या गरजांच्या मुलांना शाळेने वागवलंय कसं? अमेरिकेत १९७५ मध्ये अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला तेव्हा त्या कायद्यातच लिहून ठेवलंय की देशातली दहा लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर ठेवली गेली आहेत. बाहेर 'राहिली' नव्हती, ठेवली गेली होती. श्रीमंत देशाची ही गोष्ट, बाकीच्यांचं तर बोलायलाच नको. आणि आज कायदे आले, सर्वसमावेशक हा शब्द प्रत्येक परिपत्रकात आला, पण चाळीस मुलांच्या वर्गात ज्या मुलाला एक ओळ वाचायला चार मिनिटं लागतात त्याचा नंबर आला की बाई काय करतात? एकतर त्याला वगळून पुढच्याला उठवतात नाहीतर तो अडखळत असताना मागच्या बाकावरून खसखस ऐकू येते. यातून मूल समाजात वावरायला शिकतं असं कुणाचं म्हणणं असेल तर त्याने एकदा त्या बाकावर बसून बघावं. सोशल व्हायचा मुद्दा मी इथेच सोडते, भावंडं, शेजार, खेळाचं मैदान एवढं असलं की माणसांत राहायला शिकता येतं, त्यासाठी रोज सहा तास एकाच वयाच्या मुलांत कोंडून घ्यायची गरज नसते.

पण म्हणून घर आपोआप बरं ठरतं का? नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. डिसलेक्सियाच्या इतिहासात ती नेहमी सांगितली जाते. मुलगा चुणचुणीत, गणितात बरा, खेळात चपळ, पण स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची उलटापालट करायचा. त्याचे मास्तर म्हणायचे की शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. या हकीकतीतल्या दोन गोष्टींकडे फारसं कुणी बघत नाही. एक म्हणजे पर्सी सात भावंडांतला दुसरा होता. दुसरी म्हणजे सातव्या वर्षापासून त्याच्यासाठी शाळाही झाली होती आणि खासगी शिक्षकही, दोन्हीकडे जीव तोडून प्रयत्न झाले आणि दोन्हीकडे वाचन काही आलं नाही. कारण नेमकं अडतंय कुठे हेच त्या काळात कुणाला माहीत नव्हतं. आज माहीत आहे, डोळ्यात किंवा बुद्धीत दोष नसतो, शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात अडचण असते, आणि आवाज-अक्षराची जोडी पद्धतशीरपणे, पायरीपायरीने, रोज थोडी थोडी शिकवली तर फरक पडतो. हे ज्याला येतं त्याने शाळेत शिकवलं काय आणि घरी शिकवलं काय, आणि ज्याला येत नाही त्याने पोटच्या पोरावर कितीही माया केली तरी ती मायाच राहते.

आता होमस्कूलिंगवाल्यांचं हुकमी पान, एकास एक लक्ष. त्याला आधार आहेच. १९८४ मध्ये अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी मांडलं की शिक्षक आणि मूल समोरासमोर असतील तर सरासरी मूलही नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे जातं. पुढे २०११ मध्ये कर्ट व्हॅनलेन यांनी बऱ्याच अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा परिणाम ब्लूम म्हणतात त्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला, पण तोही काही थोडाथोडका नाही. मुद्दा एवढाच की हे सगळं एका मुलाला एक शिक्षक असेल तेव्हाचं आहे. पाच मुलं आणि एक आई हे एकास एक कसं झालं? गणित करून बघा. शिकवायचे म्हणून रोज चार तास बाजूला काढले (आणि धाकटं रांगत असताना चार तास काढणं म्हणजेच मोठी गोष्ट आहे) तर वाट्याला येतात प्रत्येकी अठ्ठेचाळीस मिनिटं. त्यातही ज्याला डिसलेक्सिया आहे त्याला अर्धा-पाऊण तास मध्ये कुणी लुडबुड न करता हवा. ज्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि जागेवर बसवत नाही, त्याला अठ्ठेचाळीस मिनिटं सलग देऊन उपयोग नाही, दहा-दहा मिनिटांचे तुकडे हवेत आणि प्रत्येक तुकड्याला कुणीतरी शेजारी बसलेलं हवं. मग उरलेलं कुणाच्या खात्यातून जातं? जे मूल त्रास देत नाही त्याच्या. जे गप्प बसून पान उलटतं, विचारलं तर हो आलं म्हणतं, ज्याच्याबद्दल आई कौतुकाने सांगते की याचं काही बघावंच लागत नाही, त्याच्या.

मुलं जास्त म्हणजे नुकसानच असं मी म्हणत नाहीये. २००५ मध्ये नॉर्वेतल्या साऱ्या लोकसंख्येच्या नोंदी घेऊन केलेल्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसलं की मूल कितव्या नंबरचं हे हिशोबात धरलं की कुटुंबाच्या आकाराचा शिक्षणावरचा परिणाम जवळपास नाहीसा होतो. मोठ्या कुटुंबांना नावं ठेवणाऱ्यांनी हे वाचून गप्प बसावं. पण त्याच अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग असा आहे की नंतर जन्मलेली मुलं शिक्षणात पहिल्यांपेक्षा मागे राहतात. आणि ही तर शाळेत जाणारी मुलं होती, दिवसाचे काही तास तरी त्यांना घराबाहेरचा शिक्षक मिळत होता. जिथे शाळाही घर आणि घरही घर, तिथे हा फरक आपोआप मिटेल असं मानायला काय आधार आहे?

मी वाचायला अडचण असलेल्या मुलांसोबत बसते, त्यामुळे अशा घरांतली टेबलं जवळून बघितलीत. अकरा वर्षांचा मुलगा पुस्तकावर पुठ्ठ्याची पट्टी ठेवून एकच ओळ उघडी ठेवतो, बोटाने अक्षर धरतो, प्र, प्रका, असं करत शब्दाच्या शेवटाला पोचतोय तोच समोर चित्र रंगवत बसलेला सात वर्षांचा भाऊ मान वर न करता म्हणतो, "प्रकाशसंश्लेषण." त्याच्या मनात काही नसतं, त्याला तो शब्द आला म्हणून तो बोलला. मोठ्याने पट्टी उचलली, पुस्तक मिटलं, त्या दिवसाचं वाचन संपलं. वर्गात आपल्यापेक्षा चांगलं वाचणारी मुलं असतात पण शाळा सुटली की ती आपापल्या घरी जातात. इथे तो धाकटा रात्री शेजारीच झोपणार असतो. त्या घरातल्या आईने पुढच्या आठवड्यापासून मोठ्याचं वाचन दार लावून आतल्या खोलीत घ्यायला सुरुवात केली, चांगलं केलं, पण मग बाहेरच्या खोलीत बाकीच्यांजवळ कोण?

बाहेरच्या खोलीत थोरली असते. मोठ्या कुटुंबाच्या होमस्कूलिंगचं हेच गुपित आहे, बरेचदा मोठी मुलगी लहानांना शिकवत असते. समर्थक म्हणतात, काय वाईट आहे, शिकवताना आपणही शिकतो, जबाबदारी येते. खरं आहे. आपल्याकडे तर ज्ञानदेवांचे गुरू त्यांचे थोरले बंधू निवृत्तिनाथच, आणि ताटी उघडायला लावणारी मुक्ताई सगळ्यांत धाकटी. भावंडांनी भावंडांना शिकवणं यात कमीपणा काहीच नाही. पण ती संतांची घरं, सामान्य घरांत काय होतं यासाठी वेगळा दाखला बघू. १७९० च्या दशकात मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी मोठ्या मुलांकडून लहानांना शिकवायची पद्धत बसवली, तिची कल्पना त्यांना इथल्याच शाळेत वाळूवर अक्षरं गिरवणारी मुलं बघून सुचली होती. पुढे लंडनला जोसेफ लँकेस्टर यांनी तीच तऱ्हा मोठ्या प्रमाणावर चालवली, एक मास्तर शेकडो मुलं सांभाळू शकतो म्हणून वाहवा झाली. काही दशकांत तिची मर्यादा उघडी पडली, शिकवणाऱ्या मुलाला जेवढं येतं तेवढंच पुढे सरकतं, तेही पोपटपंचीच्या रूपात, आणि वाचताना कुणाचं नेमकं काय चुकतंय हे ओळखणं दहा-बारा वर्षांच्या पोराच्या आवाक्याबाहेरचं असतं. मग १८४६ मध्ये इंग्लंडने काय केलं बघा. मुलांनी शिकवणं बंद नाही केलं, नियम बांधले. किमान तेरा वर्षं वय, पाच वर्षांची उमेदवारी, मोबदला, रोज त्या शिकवणाऱ्या मुलाला मुख्याध्यापकांनी स्वतः वेगळा धडा द्यायचा आणि दरवर्षी इन्स्पेक्टरने येऊन त्याची परीक्षा घ्यायची. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या सरकारलाही हे कळत होतं की जे मूल शिकवतंय त्याचं स्वतःचं शिक्षण बुडत नाहीये ना हे बाहेरून कुणीतरी बघायला हवं. आज घरातल्या थोरलीसाठी यातली एक तरी अट आहे का?

याचा अर्थ मोठ्या घरात शिकवणं जमतच नाही असा कुणी काढू नये. जमतं, आणि काही घरं ते शाळांच्या तोंडात मारेल असं करतात. कोलंबियात १९७० च्या दशकात खेड्यातल्या एकशिक्षकी शाळांसाठी 'एस्कुएला नुएवा' नावाचं काम सुरू झालं, त्यात सगळ्या इयत्ता एका खोलीत, पण प्रत्येक मुलाच्या हातात स्वतः वाचून पुढे जाता येईल अशी मार्गदर्शिका, नापास करून मागे बसवणं नाही, आणि शिक्षक मोकळा असतो तो ज्याचं अडलंय त्याच्याजवळ बसायला. अनुभवी होमस्कूलिंग करणाऱ्या आया हेच करतात, फक्त त्याला नाव देत नाहीत. इतिहास, विज्ञान, गोष्टी सगळ्यांना एकत्र मोठ्याने वाचून दाखवायच्या, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्याचंही ज्ञान थांबत नाही, आणि भाषा नि गणित मात्र ज्याच्या त्याच्या पायरीने. उत्तम पद्धत आहे. पण तिचीही एक गोम आहे. २०१३ मध्ये कुन्झमन आणि गेदर या अभ्यासकांनी होमस्कूलिंगवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला, त्यात भाषेत ही मुलं बरी पण गणितात कच्ची असा कल दिसला. सहज समजण्यासारखं आहे. वाचन घरात हवेसारखं पसरतं. भागाकार तसा पसरत नाही, तो कुणीतरी समोर बसून शिकवावा लागतो, आणि तिथेच पुन्हा ती अठ्ठेचाळीस मिनिटं आडवी येतात.

इथे लगेच कुणीतरी सांगतं की होमस्कूलिंगची मुलं परीक्षांत शाळेच्या मुलांपेक्षा वरचढ ठरतात हे सिद्ध झालंय. ते सिद्ध झालेलं काय आहे? १९९९ मध्ये छापून आलेल्या लॉरेन्स रडनर यांच्या अभ्यासात वीस हजारांवर मुलं होती आणि गुण झकास होते, पण ती मुलं आली कुठून, तर ज्या पालकांनी आपणहून चाचणी घ्यायचं ठरवलं त्यांच्या घरातून. जो पालक मुलाची चाचणी घेतच नाही त्याचं मूल त्या आकड्यात येणारच कसं? रडनर यांनी स्वतः बजावलं होतं की यावरून होमस्कूलिंग शाळेपेक्षा चांगलं असा निष्कर्ष काढू नका, पण तेवढं वाक्य कुणी पुढे पाठवत नाही.

बाहेरची नजर म्हटलं की दोन गोष्टी एकमेकांच्या तोंडावर फेकल्या जातात. एक जर्मनीची. २०१३ च्या ऑगस्टमध्ये घरी शिकणाऱ्या चार भावंडांना पोलिसांच्या मदतीने घरातून उचलून नेलं, तीन आठवडे आईबापांपासून लांब ठेवलं, आणि २०१९ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने हे बेकायदा नव्हतं असा निकाल दिला. दुसरी कॅलिफोर्नियाची. जानेवारी २०१८ मध्ये १७ वर्षांची मुलगी खिडकीतून निसटली, तिने पोलिसांना फोन केला, आणि आत तिची बारा भावंडं उपाशी, काही साखळीने बांधलेली सापडली. बापाने त्या घराची नोंद खासगी शाळा म्हणून केली होती. दोन्ही घटना खऱ्या आहेत आणि दोन्हींचा वापर चुकीचा होतो. जर्मनीचं उदाहरण देऊन कुठलीच तपासणी नको म्हणणं आणि कॅलिफोर्नियाचं देऊन सगळ्याच पालकांकडे संशयाने बघणं, म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं. मला ज्या मुलाची काळजी आहे ते बांधलेलं नाहीये, उपाशी नाहीये, त्याच्यावर घरात प्रेम आहे. त्याला तेराव्या वर्षी अपूर्णांक येत नाहीत एवढंच, आणि हे कुणालाही, त्याच्या आईलाही, माहीत नाही.

मूल आमचं आहे, सरकार कोण विचारणारं, असंही म्हटलं जातं. हा प्रश्न नवा नाही. १८८२ मध्ये इंग्रज सरकारने शिक्षणासाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं त्यात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा अशी मागणी होती. ती सक्ती कुणावर होती? जे मूल घरच्या कामाला जुंपलं जातं त्याला घराकडे काहीतरी मागता यावं म्हणून ती होती. तो हक्क मुलाचा होता, सरकारचा नव्हे. त्याच काळातल्या पंडिता रमाबाई मात्र घरीच शिकल्या, आईकडून संस्कृत शिकल्या, कारण मुलीला ते शिकवणारी दुसरी जागाच नव्हती, आणि १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदवी दिली. म्हणून घरचं शिक्षण बंद करा म्हणणाऱ्यांना मी रमाबाई दाखवीन आणि आमच्या घरात डोकावू नका म्हणणाऱ्यांना फुल्यांचं निवेदन. (आणि हो, रमाबाईंची विद्यासुद्धा बाहेरच्या पंडितांसमोर तपासली गेली होतीच की.)

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळा आहे, शाळांची तरी कोण तपासणी करतं? सातवीतल्या पोरांना दुसरीचं पुस्तक वाचता येत नाही अशा शाळा बिनबोभाट चालतात आणि आमच्यावर नजर ठेवायची? बरोबर आहे, यावर माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. पण शाळेत नापास का होईना, मूल कुणाच्या तरी यादीत असतं, दरवर्षी त्याच्यासमोर नवीन माणूस उभा राहतो, आणि त्यातल्या एखाद्या बाईंच्या तरी लक्षात येतं की याला फळा दिसत नाहीये किंवा हा अक्षरं उलटी लिहितोय. घरी तीच दोन माणसं जन्मापासून त्या मुलाला बघत असतात, त्याच्या सवयीचं त्यांना इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ती अडचण आहे हे दिसतच नाही. आणि मोठ्या घरात तर तुलना कायम भावंडांशी होते, ज्याचं जास्त अडलंय त्याच्या शेजारी मधलं मूल नेहमी बरंच वाटतं.

फ्रान्सने २०२१ च्या कायद्याने घरी शिकवायला आधी परवानगी घ्या असं केलं, मला ते पटत नाही. परवानगी देणारा साहेब घराच्या दारात उभा राहिला की पालक पहिलं काम लपवायचं करतात. मला हवंय ते कमी आणि वेगळं आहे. नोंद करायची, परवानगी नको. वर्षातून एकदा, वेगळ्या गरजांच्या मुलांना स्वतः शिकवलेल्या शिक्षकाने प्रत्येक मुलासोबत वेगळं बसायचं, पालक खोलीबाहेर. मुलाने एक पान मोठ्याने वाचायचं, चार ओळी लिहायच्या, काही गणितं करायची, आणि मागच्या वर्षीच्या त्याच मुलाशी तुलना व्हायची, इयत्तेशी नाही, कारण ज्याला बौद्धिक अपंगत्व आहे त्याला इयत्तेची फूटपट्टी लावणं म्हणजे क्रूरपणा. थोरलीला एक प्रश्न जास्तीचा, या वर्षी तू स्वतःसाठी काय शिकलीस. आणि सरकारने बदल्यात काहीतरी द्यायचं, नुसतं तपासून निघून जायचं नाही. अध्ययन अक्षमतेचं असेसमेंट, स्पीच थेरपी, आठवड्यातले काही तास स्पेशल एज्युकेटर, बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ, जे शाळेतल्या मुलाला कागदावर का होईना मिळतं ते घरच्या मुलालाही मिळालं पाहिजे. हे मिळणार असेल तर कुठली आई दार बंद करेल?

काही करतीलच. आधीच दमलेल्या बाईवर अजून एक ओझं कशाला, असं मला एका आईनेच ऐकवलं, आणि तिचं दमणं खोटं नव्हतं. पण वर्षातला एखादा दिवस जाईल आणि त्यात कळेल की तिसऱ्याला भागाकार येत नाही, तो दोन वर्षं थोरल्या बहिणीच्या वहीतून उत्तरं उतरवत होता. तो दहा वर्षांचा असताना हे कळलं तर एक उन्हाळा पुरतो.